माप

तेशीत, समुद्राच्या अंगाला, बोर्केतेई मिस्त्रींचं दुकान.
तिथे मी रंधा धरायला शिकलो.
आम्ही शवपेट्या करायचो. कांदेवालीला कांदा,
ड्रायव्हरला बस,
एका हेडमास्तरांना पेन, टोपणासकट.

त्या वर्षी दोन मासे एकदम आले.
एक कोर्कोईच्या नवऱ्याचा. तो बर्फात होता,
शवागाराचं भाडं दिवसागणिक चढत होतं,
म्हणून ती रोज येऊन बसायची, शेंगा सोलत,
आणि पैसे द्यायची दमट, सुट्ट्या नोटांत.
दुसरा अँटवर्पच्या गॅलरीचा.
आगाऊ, सगळे, बँकेतून.

कोर्कोईच्या माशाला वावाचं हलकं लाकूड,
मातीत लवकर विरावं म्हणून.
गॅलरीच्या माशाला महोगनी,
वाळवी लागता कामा नये.
खवले सारखेच. डोळे मीच रंगवले,
एकाच डब्यातला पिवळा.

मिस्त्रींनी फोनवर विचारलं, "लांबी?"
तिकडे कुणी हसलं. "काहीही चालेल,
आत कोण असणारे!"
मिस्त्रींनी करवत उचलली, परत ठेवली.
माणसाशिवाय फळी कशी कापायची
हे त्यांना बापाने शिकवलं नव्हतं.
मग मला म्हणाले, "क्पाक्पो, झोप."

मी उताणा झोपलो. सतरा वर्षांचा.
टाळूशी खडूची रेघ, टाचांशी रेघ,
वर चार बोटं जास्त: "वाढशील अजून."

कोर्कोईने दोन्ही माशांवरून हात फिरवला.
महोगनीच्या पोटात वाकून बघितलं.
"याला गादी नाही? मान अवघडेल की."
कुणीच काही बोललं नाही.

तिचा मासा शनिवारी निघाला, खांद्यांवर पोहत,
कोपऱ्यावर अडून बसला, वळला, पुन्हा निघाला,
आणि दुपारी त्याच्यावर माती.
महिन्याचं काम. बघितलं गावाने, फार तर दीड तास.
दुसरा गेला खोक्यात, भुशात,
चारी बाजूंना 'नाजूक' लिहून.

आता माझ्या दाढीत भुसा पडला तर दिसत नाही.
परवा एकाने फोटो दाखवला:
पांढरी भिंत, वरून दिवा, पुढे दोरी.
खाली पाटीवर लाकडाची जात,
आणि लांबी, सेंटिमीटरमध्ये.

मी चौकटीला पाठ लावून उभा राहिलो.
नातवाच्या हातात खडू दिला.
टेप धरली.

बरोबर.
चार बोटंसुद्धा भरली होती.