हळदीचा उंट

आमच्याकडे जेवणं उजेडातच उरकतात.
साडेसहाच्या आत शेवटची भाकरी तव्यावरून उतरते.
श्रेणिक कुपवाडच्या कारखान्यातून धापा टाकत येतो,
उशीर झाला तर उपाशी झोपतो,
आणि वर हसतो.
सातला मी ओटा पुसून शेगडीच्या दांडीवर फडकं वाळत घालते,
तेव्हा कुठे विश्रामबागेतल्या बाकीच्या खिडक्यांत
शिट्ट्या सुरू होतात.
समोरच्या घोरपडेवहिनी कांदा परततात.
वासाला कोण अडवणार?
आत्याबाई नाकाला पदर लावत नाहीत,
एवढंच म्हणतात,
"करपवते ती जरा."

ओलं आलं नाही, सुंठ चालते.
ओली हळद नाही, हळकुंड चालतं.
माहेरी हेच होतं खरं,
पण माहेरी आई विसरायची.
इथे कुणी विसरत नाही.
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं
की ह्या सगळ्याच्या पलीकडे सात ते दहा
अशी एक मोकळी जागा असते
आणि ती कुणाच्याच नावावर नसते.

मी तिथे पट उलगडते.
शाळेतलाच, रेक्झिनचा, घड्यांवर रंग उडालेला.
पांढऱ्यांचा एक उंट दहावीत असताना
इस्लामपूरच्या स्पर्धेत हरवला,
त्याच्या जागी हळकुंड.
सांगलीत हळकुंडाला काय तोटा.
फक्त चाल केली की बोट पिवळं होतं.

दादा जयसिंगपूरहून फोनवर खेळतात.
दिवसाला एक चाल.
आधी गुडघा, मग दुधाचा भाव,
मग एकदम आवाज बदलून, "घोडा एफ सहा."
आणि ठेवतात.
दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना
मी त्या घोड्याभोवती फिरत असते.
कड फुटते.
दोडका शिरांसकट चिरला जातो.
आत्याबाई बघतात, बोलत नाहीत.

वैशाखात वर्षाची हळद दळायला निघाली.
टेबलावर एक हळकुंड एकटंच लवंडलेलं दिसलं त्यांना,
उचललं, पिशवीत टाकलं,
पिशवी गिरणीत.
मी आंघोळ करून आले तर सी चार रिकामं.

"दादा, माझा उंट गेला."
"कुणी मारला?"
"आत्याबाईंनी. गिरणीत."
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
मग खोकल्यासारखं हसू.
"मग मेला धरायचा," म्हणाले,
"खेळ म्हणजे खेळ."

त्या आठवड्यातल्या आमटीत तो होता.
मटकीत होता, फोडणीच्या भातात होता.
श्रेणिकनं आमटी दोनदा मागून घेतली.
सांगितलं तेव्हा वाटीकडे बघत राहिला,
म्हणाला, "काळा की पांढरा?"
ह्या माणसाशी मी लग्न केलंय.

एका उंटावर सतरा दिवस तगले.
किल्लेकोट केला, वजीर राखला,
रोज वाटायचं आज संपणार.

काल ओटा पुसून आले
तर पटाशेजारी नवं हळकुंड.
जाडसर, आणि बुडाशी
सुरीनं कापून सपाट केलेलं,
उभं राहावं म्हणून.
जुनं नेहमी आडवं पडायचं.
आत्याबाई तांदूळ निवडत होत्या,
मान खाली.
सुरी धुऊन जागेवर ठेवलेली,
पात्याला पिवळा डाग तसाच.

मी ते उचललं.
उभं केलं. राहिलं.

"हा तिरकाच का जातो गं?"
ताटातून नजर न उचलता.
मी तोंड उघडलं
आणि घोरपडेवहिनींचा कुकर किंचाळला.
तो थांबेपर्यंत आत्याबाईंनी
चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला,
आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

दादांना हे अजून कळवलेलं नाही.
ते म्हणतील, मेलेला परत येत नाही.