सदतीस अंश

बाहेर धुळ्याचा मे. शेहेचाळीस.
पेटीत सदतीस.
माणसाच्या अंगाइतकं थंड
आमच्या प्रयोगशाळेत सध्या एवढं एकच ठिकाण आहे.

आत गुलाबी पाण्यानं भरलेली बशी,
बशीत साबुदाण्याएवढे जाळीचे तुकडे,
जाळीत कुणा अनोळखी गुडघ्याच्या पेशी
आणि त्यांना पाजलेलं झिपरू आप्पांचं रक्त,
म्हणजे लाल सगळं काढून टाकल्यावर
रक्तातलं जे उरतं ते.

आप्पा दोंडाईच्याचे. तीस वर्षं मिरचीची पोती वाहिली.
सुई टोचताना म्हणाले,
माय, मन्हं रगत तिखट ऱ्हाई.

यंत्र फिरलं, थर बसले.
खाली गडद, वर भुईमुगाच्या तेलासारखं पिवळं,
मधे नखाच्या कडेइतकी पांढुरकी रेघ.
सगळं काम त्या रेघेचं.
जखम झाली की हाका मारत सुटणाऱ्या चकत्या तिथे असतात.
त्या फोडून मी हाका तेवढ्या घेतल्या.

कूर्चेपर्यंत हाक जात नाही.
पांझरेच्या फडातल्या शेवटच्या वाफ्यासारखी ती,
पाट अलीकडेच संपतो.
झिजते तेव्हा गप झिजते,
ओरडतं ते खालचं हाड.

एकविसाव्या दिवशी वीज गेली.
इन्व्हर्टरनं चाळीस मिनिटं धरलं.
मग मी आणि शिपाई दौलत
ओले टॉवेल धरून उभे,
ऊब द्यायची पेटी गार ठेवत.
सहा तुकडे गेले.
दोन राहिले.

एक रंगवून काचेखाली घातला. निळा झाला,
म्हणजे कूर्चाच.
दुसरा चिमट्यानं दाबला, दबला,
सोडला तर परत आला.
मी पुन्हा दाबला.
गरज नव्हती.

आप्पा आले सोमवारी, काठी टेकत.
"मन्हा गुडघामा कव्हय बसाडशी?"
नाही आप्पा, म्हटलं, हे अजून बशीतलंच.
माणसात जायला किती वर्षं, सांगता येत नाही.
अंगठ्याच्या कागदावर लिहिलं होतं हे.
वाचून दाखवलं होतं मी,
बहुतेक भरभर.

त्यांनी काचेला डोळा लावला, बराच वेळ.
"आठे ते काहीच नई शे."
मग, "हां. हालनं."
हललं नव्हतं. त्यांचीच पापणी असणार.
मी बोलले नाही.

बावीस पायऱ्या, लिफ्ट बंद.
आडवं होऊन एकेक पायरी उतरताना
त्यांच्या गुडघ्यातला आवाज
वरपर्यंत येत होता.
पेटीचं दार नीट लावलंय का
ते बघायला मी आत गेले.
सदतीस.