अंगठ्याचा लाल

मुहू बेटावरून फेरीबोटीने, मग बसने,
फेब्रुवारीत लेइदा आली तार्तूच्या प्रयोगशाळेत,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकच हातमोजा घेऊन.
दुसरा कुठे, ते तिने सांगितलं नाही.
माझं नाव वाइके. आमच्याकडे त्याचा अर्थच शांत.
मीही विचारलं नाही.

"आईने विणला," म्हणाली.
"वाळूत गुडघे टेकून मुळं खणायची ती,
मादारची, सुतळीहून बारीक,
टोपलीभर खणावीत तेव्हा मूठभर रंग.
संग्रहालयवाले म्हणतात, पुरावा काय?
तर तुम्हीच विचारा त्या लालाला."

लाल सहजासहजी बोलत नाही.
लेसर टाकला की रंगाचा रेणू स्वतःच पेटतो,
आपल्याच उजेडाचा गलका करतो,
आणि त्याची खरी थरथर, जिच्यावरून तो ओळखू यावा,
कोटी किरणांमागे एखादाच किरण
रंग बदलून जो निरोप आणतो,
तो त्या गलक्यात बुडून जातो.

म्हणून चांदी.
आरशातली नव्हे. आरसा गुळगुळीत,
आलेल्याला दारातूनच जसंच्या तसं परत पाठवणारा.
आम्ही चांदीचा क्षार पाण्यात उकळतो तासभर,
पाणी पिवळं होतं, मग राखाडी-हिरवं, गढूळ,
भांडी विसळलेल्या पाण्यासारखं.
त्यात चांदीचे कण,
केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे.

उजेड आला की कणातले सगळे इलेक्ट्रॉन
या काठाकडून त्या काठाकडे हिंदकळतात,
भरली बादली उचलल्यावर पाणी हिंदकळावं तसे.
दोन कण खेटले की मधल्या फटीत
उजेड दाटतो,
आणि त्या फटीत जो रेणू सापडेल
त्याची कुजबुज लाख पटींनी मोठी होते.
गलका चांदी गिळून टाकते.

कण खेटावेत म्हणून चिमूटभर मीठ.
जरा जास्त झालं की सगळं काळं होऊन तळाशी.
प्रमाण वहीत लिहिलेलं आहे,
तरी दर वेळी हात थबकतो.

मनगटावरचा एक तंतू, पापणीच्या केसाएवढा.
एक थेंब. तीस सेकंद.
पडद्यावर शिखरं उभी राहिली.
मादारच. शंकाच नको.

मग अंगठ्याचा तंतू.
शिखरं वेगळी.
एकच रंगद्रव्य, स्वच्छ,
मुळांत कधीच नसतं इतकं एकटं.
कारखान्यातलं. पुडीतलं.

मी तीनदा तपासलं, नवं मीठ घेऊन,
नवी चांदी उकळून.
मग बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसून सांगितलं.

लेइदा बराच वेळ हातमोजा उलटा करून बघत राहिली.
"अंगठा आधी झिजतो," म्हणाली.
"भोक पडलं होतं. मी अकरा वर्षांची.
आई तापाने पडलेली.
दुकानातून पुडी आणली, लोकर रंगवली, विणला.
वाटलं, तिला कळलं नाही.
पुढचे सात हिवाळे घातला तिने,
चकार शब्द न काढता."

खिडकीवरचा बर्फ सुटून खाली पडला.
"पण तुमच्या यंत्राला कळलं," ती म्हणाली.
"म्हणजे तिलाही कळलं असणार."

याचं उत्तर चांदीत नसतं.
अहवालात मी दोनच ओळी लिहिल्या:
हात मादारचा.
अंगठा पुडीचा.
तिने चष्मा काढून, कागद नाकाशी धरून वाचल्या,
आणि म्हणाली,
"अंगठ्यापुढे माझं नाव घाला."