पूर्ण शुद्धीत

पाचशेचा स्टॅम्प पेपर टर्ले वकिलीणबाईंनी
टेबलावर ठेवला, आणि मी आधी तो
उजेडाकडे धरला.
सवय. एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
हेच केलं: कागद उचल, उजेडाला लाव,
शाई फुटलीय का बघ, रेघ तुटलीय का बघ,
तुटली असेल तर बाजूला. रद्द.
बाई हसल्या. "आजी, खरा आहे."
म्हटलं, खरा आहे ते दिसतंय मला.
छपाई कडेला जराशी सरकलीय,
आमच्या वेळी चाललं नसतं.

मग त्यांनी वाचायला घेतलं.
मी, चंद्रभागा भीमराव पगारे, वय बहात्तर,
राहणार जेल रोड, धंदा निवृत्त,
पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय...
बाई पुढे गेल्या.
मी "शुद्धीत"पाशीच राहिले.

मागच्या महिन्यात बिटको चौकात
रिक्षावाल्याला मी पत्ता सांगितला
आमच्या जुन्या चाळीचा,
जी पाडून बारा वर्षं झाली.
भला पोरगा. मेडिकलपाशी रिक्षा थांबवून म्हणाला,
"मावशी, घरी कोण असतं?"
"करुणा असते."
पोटच्या पोराचं नाव तोंडात आलंच नाही.

म्हणून हे मुखत्यारपत्र.
"मुलगा असताना सुनेला?" कारकुनानं मान वर केली.
"तीही सोडचिठ्ठी झालेली?"
सोडचिठ्ठी त्यांची झाली, बाबा.
माझी नाही झाली.

पेन्शन, बँक, गॅस, घरपट्टी,
भगूरचे दोन गुंठे, सगळं तिच्या सहीनं.
"घर विकायचा अधिकार?"
मी करुणाकडे बघितलं. ती खिडकीतून
सीबीएसच्या गाड्या मोजत होती, मुद्दाम.
"लिहा," मी म्हटलं.
ती न वळता म्हणाली, "लिहू नका."
"लिहा."
"आई, नको म्हटलं ना."
बाईंचं पेन हवेत. शेवटी नाहीच लिहिलं.

मग बाईंनी चष्मा काढला.
"एक सांगायला हवं, आजी.
तुमचं मन जागेवर आहे तोवरच हा कागद चालतो.
ते गेलं की कायद्यानं हाही गेला.
मग कोर्टात अर्ज, डॉक्टरांचे दाखले, पालक नेमणूक."
म्हणजे पाऊस आला की मिटणारी छत्री?
"तशीच म्हणा. म्हणून खातं दोघींच्या नावे करा,
मृत्युपत्र वेगळं करू, दवाखान्याचं वेगळं लिहू.
पण आत्ता. आत्ताच."

रात्री मी वहीचं पान फाडलं, बिनस्टॅम्पचं.
करुणा, मी तुला "बाई, तुम्ही कोण" म्हटलं
तर नाव सांग आणि चहा टाक.
पैसे चोरले म्हणाले तर पाकीट दाखव, वाद नको.
प्रेसचा भोंगा झाला म्हणून निघाले
तर अडवू नकोस, दारापर्यंत जाऊ दे,
चपला घालू दे,
मग सांग, आज सुट्टी आहे.
साक्षीदाराची जागा मोकळी ठेवली.

निबंधकाच्या ऑफिसात लाल काचेवर
अंगठा ठेवला. यंत्र नाही म्हणालं.
पुसून ठेवा. नाही.
दाबून ठेवा. नाही.
कागदांनी माझ्या रेघा नेल्या होत्या,
एकेक करून, पगारी.
मागची रांग चुळबुळली. कुणीतरी घड्याळ बघितलं.
आणि मला कळायच्या आत
हात तोंडाशी गेला, अंगठ्याला जीभ लागली,
जशी लागायची गठ्ठा मोजताना,
स्पंज सुकलेला, साहेब पाठमोरे.
"आई!" करुणा ओरडली.

हिरवा दिवा.
"झालं," ऑपरेटर म्हणाला,
रुमालानं काच पुसत. "चला, पुढचे."