आतून उघडणारी

वाल्पराइसोच्या या टेकडीवर निम्म्या खिडक्यांना माझे गज आहेत.
बारा मिलीचे, चौकोनी, वर दोन हात रंग.
मोडकी पायरी ओलांडून चढलात की निळ्या पत्र्याचं घर लागतं.
तिथे गजांमध्ये दोन राजहंस वाकवलेले होते. तेही माझेच.
एर्मिंदाबाईंनी हट्ट धरला म्हणून.
राजहंसांचे पैसे मी वेगळे लावले.

चोरांनी मला पोसलं, हे कबूल करतो.
कुणाचा टीव्ही गेला, कुणाचं गॅसचं सिलिंडर,
कुणाची दोरीवरची ओली चादरसुद्धा,
की दुसऱ्या सकाळी माझ्या दाराशी गिऱ्हाईक:
"निबाल्दो, मांजरही आत शिरता कामा नये."
मी टेप काढायचो, मनातल्या मनात
मांजराचं डोकं मापायचो, आणि त्याहून बोटभर कमी.
बाईंच्या खिडकीची कडी मी बाहेरच्या अंगाला ठेवली नाही,
आतून घातली, आणि कडीला कुलूप.
म्हणालो, आता झोपा बिनघोर.
मरणसुद्धा दार वाजवून येईल.

फेब्रुवारीत इथे वारा दक्षिणेकडून येतो,
घळीतली निलगिरी तेव्हा तेलाच्या चिंधीसारखी वाळलेली असते.
कुणाची ठिणगी, ते अजून कळलेलं नाही.
आग कुलूप फोडत बसत नाही.
ती पत्र्याखालच्या लाकडातून आली,
वायरींच्या गुंत्यातून,
आणि घरात सगळ्यात आधी
माणसाला दिसेनासं करून टाकलं.

आमच्याकडे बंबवाल्यांना पगार नसतो.
रोसामेल दिवसा पाव भाजतो,
त्या रात्री हेल्मेट घालून तोच खिडकीशी आला.
आतून बाईंची बोटं गजांवर.
त्याने कटर लावला.
मी खाली पायऱ्यांवर पाइप धरून उभा होतो, मोजत होतो.
मी चांगलं काम केलं होतं.
अकरा मिनिटं लागली.

किल्ली साखरेच्या डब्यात होती,
साखरेच्या खाली, पिशवीत, पिशवीला गाठ.
चोराला सापडू नये म्हणून.
सापडली नाही.

बाई वाचल्या. पुतणीकडे असतात, किल्पुएला.
डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत,
आणि झोपताना खिडकी सताड उघडी लागते,
थंडीतही, शेजारीण ओरडली तरी.

मार्चपासून मी दारोदार जातो, फुकट.
खटका बसवतो. किल्ली नाही, कुलूप नाही,
तळहाताने ढकललं की गज बाहेर.
बाहेरून हात पोचू नये म्हणून पुढे पत्र्याचं कवच.
लोक संशयाने बघतात:
आतून उघडणारा गज? मग तो गज कसला?
मी म्हणतो, डोळे मिटा, गुडघ्यांवर या,
पलंगापासून खिडकीपर्यंत रांगत जाऊन उघडून दाखवा.
आनाइस सात वर्षांची, तिला चार सेकंद लागले,
परत परत करायचं म्हणाली.
दोन कुस्तोदिओ तिसऱ्या खेपेला पोचले,
भिंतीला टेकून बसले
आणि बराच वेळ डोळे उघडेचनात.

गेल्या आठवड्यात माझ्या दुकानातून ग्राइंडर चोरीला गेला.
दुकानाला गज नाहीत. कधी वेळच झाला नाही.
पोलिसाने लिहून घेतलं, धंदा काय, आणि हसला.
मीही हसलो.
रोसामेलने आपला कटर दिला उसना, तोच.
त्याच्या पात्यावर अजून निळ्या रंगाचे कण होते.

रविवारी किल्पुएला गेलो.
राजहंसांचे पैसे टेबलावर ठेवले.
वाटलं होतं, नको म्हणतील.
बाईंनी उजव्या हाताने नोटा ओढल्या,
मोजल्या,
पुन्हा मोजल्या,
आणि विचारलं, एकच हंस कापला होता ना,
दुसऱ्याचं काय झालं?