कामून

सकाळी सातला शटर अर्धं वर जातं
आणि त्याच्या खालून आधी तिचा आवाज दुकानात शिरतो,
मग चपला, डावी उजव्या पायात,
मग स्वतः कावेरी,
वय दोन वर्षं आठ महिने.
आई रात्रपाळी करून आत्ता कुठं आडवी झालीय,
म्हणून दुपारपर्यंत ही माझ्याकडं,
परभणीत, जिंतूर रोडला,
जळालेल्या मोटारींच्या दवाखान्यात.

"ही मोतल कामून जलाली?"
व्होल्टेज नव्हतं.
"कामून?"
सगळ्यांनी एकदाच चालू केल्या.
"कामून?"
पिकाला पाणी पाहिजे ना.
"पीक कोन हाय?"
इथं मी हातोडी जरा जोरात मारतो.

आमच्या घरात बोलायची रीत नव्हती.
बाप ताटावर दोन बोटं उभी करायचा,
म्हणजे दोन भाकरी.
माझं लग्न ठरताना मी फक्त हो म्हणालो;
उज्ज्वला म्हणते, ते हो पण मानेनंच.
आणि आता ही.
नळाला हाक मारते, डासाला नाव विचारते,
तांब्याच्या तारेच्या रिळाला झोपवते मांडीवर
आणि मला दटावते, "हळू बोल, ती निजली."
मी तर बोललोच नव्हतो.

डब्यात सुशीला असला की जेवण थांबतं.
"बाबा, सुशीलाला आपन कामून खायलोत?"
अगं, चुरमुऱ्याचा असतो तो.
"तिची आई ललन."
परवा गल्लीतल्या सुशीलाकाकूंना
भर रस्त्यात थांबवून तिनं सांगितलं,
"तुला लिंबू पिलून खाल्लं."
काकू दोन दिवस माझ्याकडं
वेगळ्याच नजरेनं बघत होत्या.

शेजारी शमीम आपाचं शिलाई मशीन.
तिकडून हिनं दोन शब्द उचलले, तेवढ्यावर दिवस निघतो.
जेवतीस? नक्को.
निजतीस? नक्को.
तोंड धू. नक्को, नक्को.
गोळी?
हौ.

झरीचे किशनराव गेली अकरा वर्षं माझे गिऱ्हाईक.
आमचं बोलणं म्हणजे, कधी होईल, किती होतील,
लई होतात, बरं.
बुधवारी ही त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी,
"तुजी आई कुठंय?"
मी गप म्हणणार, तेवढ्यात ते उकिडवे बसले
आणि सांगत सुटले,
आई कशी चुलीपुढं बसायची,
कशी पहिली भाकर कुत्र्याची म्हणायची,
तिच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं, तीन ठिपके.
"कामून?"
ते तर मी कधी विचारलंच नाही बाई, म्हणाले,
आणि टोपी काढून पुन्हा घातली.
त्या दिवशी ते भाव करायचं विसरले.
मीच पन्नास कमी घेतले.

रात्री उज्ज्वला ड्युटीवर. लाइट गेलेली.
गच्चीवर सतरंजी, बाजूला पाण्याचा जार,
आणि ही दिवसभराचं सगळं परत सांगते,
बकरी शिंकली, आपाची सुई हरवली,
किशनबाबाची आई गेली, कुठं गेली सांग.
मग एकदम,
"बाबा, आता तू बोल."

मला गोष्टी येत नाहीत.
राजा नाही, राणी नाही, चिमणीच्या घराचंही अर्धंच.
मला येतात ते वेढे.
म्हणून मी तारेचे वेढे मोजायला लागलो,
रोज मोजतो तसे, बोटावर बोट फिरवत,
एक, दोन, तीन,
तीही मागं मागं, दोन, पाच, तेला,
चाळीसपर्यंत तिचा हात माझ्या कानावर होता,
साठला ढिला पडला,
ऐंशीला श्वास लांब झाला.
मी आवाज उतरवत उतरवत
शंभराला आलो, थांबलो,
हळूच हात काढून घेतला.

अंधारातून,
"कामून थांबलास?"

एकशे एक.