चार थेंब

तीस वर्षं आडतीवर लोखंडी पारखी चालवली.
पोत्याच्या कुशीत खुपसायची, ओंजळभर तूर काढायची,
एक दाणा दाढेखाली. कट्ट.
"अकरा टक्के ओल. दोन दिवस ऊन दाखवा."
मशीन नंतर आलं.
आकडा तोच सांगायचं, फक्त उशिरा.

ग्लासगोहून भाचा आला तेव्हा
टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन आला.
लेबल वाचून दाखवलं त्यानं:
समुद्राचं मीठ, दलदलीचा धूर, जुनं कातडं.
मी लातूरचा. समुद्र दोनदा पाहिलाय,
दोन्ही वेळा ओहोटी होती.

काचेचे ग्लास शोकेसात, शोकेसाची किल्ली हरवलेली,
म्हणून देवघरापासून लांब, मागच्या गॅलरीत
आमटीच्या वाटीत दोन बोटं ओतली.
धूर खरा होता.
पण कशाचा, ते काही केल्या आठवेना;
बाजारात कुणी रामराम घालावा
आणि त्याचं गाव, नाव, काहीच सुचू नये, तसं.

महानंदा चादरी वाळत घालत होती.
तिच्या माहेरी सात पिढ्यांत कुणी थेंब घेतला नाही
असं ती सांगते.
(धाकट्या काकांचा विषय आम्ही काढत नाही.)
तिनं वाटी हातातून घेतली, हुंगली, डोळे मिटले.
"हुरडा भाजून सगळे उठले की
आगटी विझत येते, वरून दव पडतं बघा.
ते. आणि खाली आयोडीन,
बाळंतिणीच्या वॉर्डातलं."
वाटी परत दिली,
दातांत चिमटा धरून पुढच्या चादरीकडे वळली.

"आता चार थेंब पाणी घाल मामा, उघडते ती."
पाणी. आमच्याकडे.
ज्या साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं
त्या साली भांडी विसळलेलं कुंडीला
आणि कुंडीतून गळलेलं फरशीला, असा आमचा हिशोब.
हात आपोआप आखडला.
चमच्याच्या टोकावरून एक, दोन, तीन.
चौथा बराच वेळ धरून ठेवला.
आणि खरंच, शटर अर्धं वर व्हावं
तसा आतून गूळ आला,
ढेपेच्या तळाचा, काळा.

मग सवय लागली. पिण्याची नव्हे, फरक शोधायची.

पुण्यात लग्नाला गेलो, तिथून
बिअर गाळतात तिथं भाच्यानं नेलं.
फळीवर सहा इवले ग्लास:
लिंबाच्या रंगापासून
ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना निघतं तिथपर्यंत.
दाढीवाला पोरगा समजावत होता,
हॉप्स, बिस्किट, संत्र्याची साल.
मी म्हटलं, आधी धान्य दाखव.
तो गोंधळला. वाटीत माल्ट घेऊन आला.
एक दाणा दाढेखाली. कट्ट नाही, कुर्रर्र.
"मोड आणून भट्टीत वाळवलंय. ओल चार टक्के.
पोत्याचं तोंड बांधत जा, आषाढात साडेपाचवर जाईल."
तो आत गेला, कागद बघून आला.
"चार पॉइंट एक, काका."
पुढचे दोन ग्लास त्यानं बिलात धरले नाहीत.

हैदराबादला वसुलीला गेलो तेव्हा लॉजवर
प्लास्टिकच्या ग्लासात, नळाच्या पाण्यात,
मिळाली ती घेतली.
वास: भिजलेलं बारदान.
तेही लिहिलं. वही लाल कापडाची, आडतीची आहे,
तिच्यात खोटं लिहवत नाही.
जमा बाजूला चव,
नावे बाजूला दुसऱ्या दिवशीचं डोकं.

भाच्याची बाटली दोन वर्षं चालली.
फोनवर विचारतो, "मामा, संपली का?"
मी म्हणतो, ओल बघतोय अजून.

काल तळाचं वाटीत उलटं केलं.
न सांगता महानंदा चमचा घेऊन आली,
चार थेंब तिनंच सोडले,
मोजून, मिठासारखे.
हुंगून म्हणाली, "आगटी विझली हो.
नुसतं दव राहिलंय."

वहीत लिहिलं: जमा, महानंदा, दव.
नावे बाजूला काय लिहावं
ते सुचलं नाही.